कार्बन डायऑक्साइडचा स्वस्त संवेदक: फुंकरीला मिळणारा प्रतिसाद आणि खरे मापन

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्षपित (म्हणजे बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेले) ग्रॅफिन ऑक्साइड हा कार्बनच्या पापुद्र्यांचा पदार्थ आणि पॉलिएथिलिनइमाईन हे बहुवारिक (पॉलिमर) यांच्या मिश्रणाचा एक पातळ थर तिने तयार केला, त्यावर तोंडाने फुंकर मारली की त्याचा विद्युतरोध लगेच बदलतो आणि मिनिटाभरात पूर्ववत होतो, तेव्हा या थरापासून शंभर-दोनशे रुपयांत बसणारा कार्बन डायऑक्साइडचा संवेदक (सेन्सर) तयार करता येईल का, आणि येत असेल तर पुढे काय करावे? वायुसंवेदकांच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत मला अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरुवात फुंकरीपासून करू. आपल्या उच्छ्वासात साधारण 4 टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम (दर दहा लाख रेणूंमागे 40,000 रेणू) कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत तो आज 420 पीपीएमच्या थोडा वर आहे. म्हणजे फुंकर मारताच थराभोवतीचे प्रमाण जवळजवळ शंभर पटींनी वाढते हे खरे आहे. पण तीच फुंकर 34-35 अंश सेल्सिअस तापमानाची आणि वाफेने जवळपास संपृक्त असते, आणि त्या तापमानाला संपृक्त हवेत पाण्याचे रेणू 50,000 पीपीएमहून अधिक असतात. ग्रॅफिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर क्षपणानंतरही ऑक्सिजनयुक्त गट शिल्लक राहतात, पॉलिएथिलिनइमाईन तर पाणी ओढून घेण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि अशा थराला पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकाच वेळी दिले तर उत्तर कोणी दिले हे त्या आलेखावरून कळत नाही. फुंकर कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीतून, सावकाश, कोरडी करून थरावर सोडा आणि तोच आलेख पुन्हा काढा. माझा अनुभव असा की बहुतेक थरांचा प्रतिसाद या एका कृतीने लहानसा उरतो. तुमचा उरला, कितीही लहान असला तरी उरला, तर तुमच्या हातात काही तरी आहे.

हा वायू पकडायला इतका अवघड का, हे नीट समजून घेतल्याशिवाय पदार्थाची निवड करता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारा टिन ऑक्साइडचा संवेदक जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये पुढे आणला, आणि तेव्हापासून धातू-ऑक्साइडांचे संवेदक जगभर स्वस्तात तयार होऊ लागले. त्यांचे काम साधे आहे: तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसतो; जळू शकणारा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, धरलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन मात्र आधीच पूर्ण जळालेला आहे. त्याच्याकडे देण्यासारखे इलेक्ट्रॉन उरलेले नाहीत. रेणू सरळ रेषेत आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे त्याला कायमचे द्विध्रुव आघूर्णही नाही, म्हणजे त्याचे एक टोक धन आणि दुसरे ऋण असे नसते, म्हणून पृष्ठभागाला चिकटण्याची त्याची ओढ कमी असते.

त्यामुळे गेली अनेक दशके विश्वासाचे मापन प्रकाशाच्या मार्गाने होत आले आहे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो हे जॉन टिंडल यांनी 1859 पासूनच्या प्रयोगांत दाखवले होते. आजच्या अवरक्त संवेदकात एका टोकाला लहानसा दिवा, दुसऱ्या टोकाला 4.26 मायक्रॉन तरंगलांबी तेवढी आत सोडणारी गाळणी आणि तिच्यामागे उष्णतेचा शोधक असतो. मधल्या नळीत वायू जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोहोचतो. 3.9 मायक्रॉनच्या आसपास नेहमीचे वायू फारसे काही शोषत नाहीत, म्हणून तिथला दुसरा शोधक संदर्भासाठी ठेवतात. असा तयार संच काही हजार रुपयांत मिळतो आणि त्यातल्या साध्या संचांची अचूकता सर्वसाधारणपणे 50 पीपीएम अधिक वाचनाच्या 5 टक्के इतकी सांगितली जाते. तुमचा नॅनोपदार्थ ज्याच्याशी स्पर्धा करणार आहे तो हा प्रतिस्पर्धी आहे, आणि तो चांगला आहे. बाजारात याहून पुष्कळ स्वस्त असे आणखी एक प्रकारचे संवेदक मिळतात, ज्यांवर ‘समतुल्य कार्बन डायऑक्साइड’ असा आकडा दिसतो. ते मुळात हायड्रोजन आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे मोजतात आणि माणसांच्या वावरावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. खोलीत उदबत्ती लावली किंवा हाताला सॅनिटायझर चोळले तरी तो आकडा वर जातो. त्यांना तुमच्या प्रयोगात संदर्भ म्हणून कधीही वापरू नका.

आता संकरित नॅनोपदार्थाकडे, म्हणजे तुमच्या थरासारख्या, वेगवेगळे गुण असलेल्या अतिसूक्ष्म घटकांच्या मिश्रणाकडे येऊ. कार्बन डायऑक्साइडचा एक गुण आपल्या हाताशी आहे, तो म्हणजे त्याचा आम्लधर्म. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. तिथे हा आम्लधर्मी वायू आम्लारीला मिळून कार्बोनेट तयार होते. संवेदकातही तेच करायचे आहे, फक्त ते थोड्या प्रमाणात, परत उलटवता येईल अशा रीतीने आणि विजेला कळेल अशा ठिकाणी घडवून आणायचे आहे. एकच पदार्थ या तिन्ही अटी क्वचितच पुऱ्या करतो. अमाईन गट, म्हणजे पॉलिएथिलिनइमाईनमधले नायट्रोजन असलेले आम्लारीधर्मी गट, वायू धरतात, पण त्यांतून वीज वाहत नाही. ग्रॅफिन, कार्बन नॅनोनलिका किंवा पॉलिअनिलिन यांतून वीज छान वाहते, पण कार्बन डायऑक्साइडकडे ते जवळजवळ दुर्लक्ष करतात. सच्छिद्र सिलिका किंवा धातू-सेंद्रिय जाळीदार संयुगे पुष्कळ पृष्ठभाग देतात, पण बहुधा ना वीज वाहते ना निवड होते. संकर करायचा तो या कामांची वाटणी करण्यासाठी. तुमच्या मिश्रणात कोणता घटक कोणते काम करतो हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो घटक काढून टाकून पाहा. झिंक ऑक्साइड, चांदीचे कण, टायटेनिया असे एकापाठोपाठ एक घालत गेलेले चार-पाच घटकांचे संकर मी पाहिले आहेत, आणि त्यांतले निम्मे घटक केवळ शीर्षक लांबवण्यापुरते होते असे माझे प्रामाणिक मत आहे.

तुमच्या निवडीचा पाया भक्कम आहे. कार्बन नॅनोनलिकेवर पॉलिएथिलिनइमाईन आणि स्टार्च यांचा लेप देऊन कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2004 मध्ये कार्बन डायऑक्साइड ओळखणारे उपकरण दाखवले होते, आणि त्यानंतरचे बरेचसे काम त्याच वाटेने गेले. अमाईनमधल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती जोडी कार्बन पृष्ठभागाला अंशतः इलेक्ट्रॉन पुरवते. वायू येऊन नायट्रोजनशी बांधला गेला की हा पुरवठा घटतो, आणि तो बदल आपल्याला रोधात दिसतो. लेप पातळ असेल तर कार्बनचा थर पी-प्रकारचा (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी वीज वाहणारा) राहतो आणि लेप फार जाड झाला तर तो एन-प्रकारकडे (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणाऱ्या) झुकतो, त्यामुळे एकाच वायूसाठी तुमच्या दोन नमुन्यांत रोध एकदा वाढला आणि एकदा घटला तर गोंधळून जाऊ नका. आधी लेपाचे प्रमाण तपासा.

इथे एक गोष्ट जपून समजून घेण्यासारखी आहे. कोरड्या स्थितीत कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला बांधायला दोन अमाईन गट लागतात आणि कार्बामेट तयार होते. पाणी उपस्थित असेल तर बायकार्बोनेटच्या मार्गाने एका रेणूला एकच गट पुरतो. म्हणजे थोडी आर्द्रता संवेदकाला मदतच करते, आणि अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये तोच थर मंदावतो. प्राथमिक अमाईनचा, म्हणजे नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेल्या अमाईनचा, बंध मोलमागे 80 ते 90 किलोज्यूल इतका मजबूत असतो, म्हणून वायू पटकन धरला जातो आणि सुटताना रेंगाळतो. सामान्य तापमानाला मूळ रेषेवर, म्हणजे वायू येण्यापूर्वीच्या रोधावर, परत यायला कित्येक मिनिटे, कधी तासही लागतो. याउलट नुसत्या भौतिक अधिशोषणात, म्हणजे रासायनिक बंध न होता पृष्ठभागाला चिकटण्यात, ही ऊर्जा 20 ते 40 किलोज्यूल असते, ती 400 पीपीएमसारख्या विरळ वायूला धरून ठेवायला अपुरी पडते. आपल्याला यांच्या मधले काही तरी हवे असते. शाखायुक्त पॉलिएथिलिनइमाईनमध्ये प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे तिन्ही प्रकारचे अमाईन असतात, आणि तृतीयक अमाईन पाण्याच्या मदतीने वायूला सैल धरतो व लवकर सोडतो. वेग हवा असेल तर प्राथमिक गटांचे प्रमाण कमी करणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे थराखाली लहान तापक ठेवून दर काही मिनिटांनी 70-80 अंशांपर्यंत क्षणभर तापवणे. तो मार्ग मला अधिक आवडतो, कारण प्रत्येक वाचनाआधी थराची पाटी काही अंशी कोरी होते. पण वारंवार आणि जास्त तापवल्यास हवेतल्या ऑक्सिजनने अमाईन हळूहळू खराब होतात, थर पिवळसर पडतो आणि प्रतिसाद घटत जातो.

ऑक्साइडांचा मार्गही आहे, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. कॉपर ऑक्साइड आणि बेरियम टायटनेट यांच्या मिश्रणाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलते हे जपानमध्ये इशिहारा आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास दाखवले. लँथॅनम मिसळलेली ऑक्साइडेही अशीच, पृष्ठभागावर कार्बोनेट तयार होण्यावर चालतात. त्यांना काही शे अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून वीज जास्त लागते, पण त्या तापमानाला पाण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि थर वर्षानुवर्षे टिकू शकतो. जिथे वीजजोडणी आहे आणि प्रमाण मोठे आहे तिथे हा मार्ग सोडून देण्यासारखा नाही. अशा कामाला अतिशुद्ध हवेची महागडी दालने लागतातच असे नाही. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात जाळीने छापलेल्या जाड थरांच्या वायुसंवेदकांवर, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी केलेल्या पातळ थरांवर, साध्या साधनांनी दीर्घकाळ काम झाले आहे.

आता खऱ्या शत्रूकडे, म्हणजे आर्द्रतेकडे वळतो. 30 अंश तापमान आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे पावसाळ्यातला पुण्याचा एखादा साधा दिवस घ्या. त्या हवेत पाण्याचे रेणू सुमारे 29,000 पीपीएम असतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सत्तर पट. उन्हाळ्याच्या दुपारी, 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना, तेच प्रमाण 13,000 पीपीएमवर येते. वर्गखोलीत खिडक्या बंद केल्यावर कार्बन डायऑक्साइड 420 वरून 1000 वर गेला हे आपल्याला ओळखायचे आहे, आणि त्याच वेळी पाण्याचे प्रमाण हजारोंनी वरखाली होत आहे. पाण्याने बहुवारिक फुगते, ग्रॅफिनचे पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि रोध वाढतो. समजा, 580 पीपीएमच्या या फरकाला तुमचा थर 3 टक्के प्रतिसाद देतो आणि आर्द्रतेतल्या 10 टक्क्यांच्या बदलाला 6 टक्के. मग पंखा लावला किंवा दोन ओली मुले वर्गात आली तरी तुमच्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा हजाराने चुकेल.

यावर पहिला उपाय बहुतेक जण करतात तो असा की शेजारी आर्द्रता आणि तापमान मोजणारी एक तयार चिप बसवायची आणि समीकरणाने दुरुस्ती करायची. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, कारण चिपची आर्द्रता आणि थराने खरोखर शोषलेले पाणी यांच्यात उशीर असतो. हवा बदलताच चिप काही सेकंदांत पोहोचते आणि तुमचा थर मिनिटांनी. मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे एकाच पट्टीवर दोन थर देणे. एका थरात पॉलिएथिलिनइमाईन जसेच्या तसे. दुसऱ्यात तेच बहुवारिक, पण त्याचे अमाईन ॲसिटिक ॲनहायड्राइडने बंद केलेले. दुसरा थरही पाणी ओढतो, तसाच फुगतो, तसाच तापतो, पण कार्बन डायऑक्साइडला धरण्याची त्याची क्षमता जवळजवळ गेलेली असते. दोन्ही थर व्हीटस्टन सेतूच्या, म्हणजे रोधांमधला फरक मोजणाऱ्या चार भुजांच्या परिपथाच्या, दोन शेजारच्या भुजांत ठेवले की आर्द्रतेचा आणि तापमानाचा मोठा भाग आपोआप वजा होतो. दोन्ही थरांचा मूळ रोध आणि जाडी शक्य तितकी सारखी ठेवावी लागते, आणि कष्ट तिथेच आहेत.

ते कष्ट किती बारीक आहेत हे जवळून दाखवतो. पॉलिएथिलिनइमाईन हे काकवीसारखे घट्ट आणि चिकट असते. ते सरळ तोलायला गेलात तर पळीला अर्धे चिकटून राहते, म्हणून आधी पाण्यात 1 टक्क्याचे द्रावण करून तेच मोजून घ्यावे. क्षपित ग्रॅफिन ऑक्साइडचे पाण्यातले निलंबन, मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम इतके, सूक्ष्मनळीने 2 मायक्रोलिटर उचलून सोनेरी कंगव्यासारख्या विद्युतअग्रांवर (इलेक्ट्रोडांवर) सोडले की थेंब वाळताना सगळे कण कडेला धावतात आणि चहाच्या कपाखाली उमटते तशी काळी कडी तयार होते. मध्ये थर जवळजवळ नसतोच. अशा दोन थेंबांचा रोध दुपटी-तिपटीने वेगळा येतो. पट्टी 50-60 अंशांवर सपाट ठेवून पाण्यात थोडे एथिलिन ग्लायकॉल मिसळले, किंवा थेंबाऐवजी बारीक फवारा दिला, तर कडी पुष्कळ कमी होते. क्षपणासाठी हायड्राझिन वापरू नका, ते विषारी आहे; ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व क, या कामाला पुरते. आणि ग्रॅफिन ऑक्साइड स्वतः तयार करणार असाल तर पोटॅशियम परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांचे मिश्रण बर्फात ठेवून थोडे थोडे करावे. ते तापल्यास त्यात तयार होणारे मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोटक असते. एकट्याने, रात्री, मार्गदर्शक नसताना हे करू नये.

वरच्या आकड्यांतून किमतीचा हिशेब आपोआप निघतो. 2 मायक्रोलिटरच्या थेंबात 2 मायक्रोग्रॅम कार्बन पदार्थ जातो. म्हणजे 1 ग्रॅमपासून पाच लाख संवेदक होतील. तुमचा नॅनोपदार्थ कितीही महाग असला तरी एका संवेदकामागे त्याचा खर्च नगण्य आहे. साध्या छापील परिपथाच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा दिलेला, दीड-दोन दशांश मिलिमीटर अंतराचा कंगवा घाऊक प्रमाणात काही रुपयांत तयार होतो. मग पैसा जातो कुठे? तो अंशांकनात, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत आपण कॅलिब्रेशनच म्हणतो त्यात जातो. प्रत्येक संवेदकाला स्वतःची मूळ रेषा, स्वतःचा उतार आणि आर्द्रतेचा स्वतःचा गुणक असेल, आणि ते काढायला प्रत्येकाला तीन आर्द्रता व चार प्रमाणे यांतून दिवसभर फिरवावे लागत असेल, तर दोन रुपयांच्या थरावर दोन हजारांचा वेळ खर्च होईल. म्हणून स्वस्त संवेदकावर संशोधन करायचे असेल तर प्रतिसाद दुप्पट करण्यापेक्षा एका तुकडीतले पन्नास थर एकमेकांसारखे कसे येतील यावर मेहनत घ्या. पन्नासांपैकी पाच तपासून उरलेल्या पंचेचाळीसांना तेच गुणक लावता आले, तर तो संवेदक खरोखर स्वस्त झाला.

अंशांकनाची साधने महाग असतात ही अडचण खरी आहे, पण पहिल्या टप्प्यासाठी घरगुती म्हणावी इतकी साधी व्यवस्था पुरते. घट्ट झाकणाचा 20 लिटरचा पारदर्शक डबा घ्या, आत संगणकाचा लहान पंखा लावा, झाकणाला रबरी बूच बसवा. पिचकारीने 10 मिलिलिटर शुद्ध कार्बन डायऑक्साइड आत सोडला की प्रमाण 500 पीपीएमने वाढते. 100 मिलिलिटरने 5000 ने. सिलिंडर नसेल तर 1 ग्रॅम खाण्याच्या सोड्यावर पुरेसे सायट्रिक आम्ल घातल्यास हिशेबाने सुमारे 290 मिलिलिटर वायू मिळतो. काही भाग पाण्यात विरघळतो, आणि वायू ओला असतो म्हणून तो वाळवूनच भरावा. डब्यातली आर्द्रता स्थिर ठेवण्यासाठी मिठाचे संपृक्त द्रावण बशीत ठेवा: साध्या मिठाने साधारण 75 टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडने 33 टक्के. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, तेवढ्याच आकारमानाचा नायट्रोजन किंवा कोरडी हवा सोडून तोच प्रयोग पुन्हा करा. हा कोरा प्रयोग मी गाळलेला पाहतो तेव्हा पुढचे आलेख वाचण्याची माझी इच्छा राहत नाही.

डब्यात संदर्भासाठी एक अवरक्त संच ठेवावा, पण त्याचे दोन स्वभाव माहीत असू द्या. एक, अनेक संचांत आपोआप मूळ रेषा सुधारण्याची सोय असते. आठवड्याभरातले सर्वांत कमी वाचन म्हणजे मोकळी हवा असे गृहीत धरून तो स्वतःला 400 च्या आसपास आणतो. बंद डब्यात ही सोय बंद करावी, नाही तर संदर्भच सरकेल. दोन, तो रेणूंची घनता मोजतो, म्हणून हवेचा दाब कमी असेल तिथे कमी दाखवतो. पुण्यात ही घट समुद्रसपाटीच्या मानाने 6 टक्क्यांच्या आसपास आणि महाबळेश्वरला 15 टक्क्यांच्या आसपास येते. दाबाची दुरुस्ती त्यात घालून घ्या.

प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर काय होते याचा एक प्रसंग सांगतो. जळगाव जिल्ह्यात केळी पिकवण्याच्या एका खोलीत आम्ही आमचे बारा संवेदक लावले होते. केळी पिकताना जोराने श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि तो 1 टक्क्याच्या पुढे गेला की फळ पिकवणाऱ्या इथिलिन वायूचा परिणाम मंदावून फळ एकसारखे पिकत नाही. म्हणून ठरावीक वेळाने दार उघडून हवा बदलतात. दार उघडायचे कधी हे घड्याळाऐवजी संवेदकाने सांगावे असा आमचा हेतू होता. खोलीत 16 अंश तापमान आणि 90 टक्क्यांहून अधिक आर्द्रता असते. मार्च ते मे महिन्यांत सगळे व्यवस्थित चालले. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला आणि दार उघडल्या उघडल्या, म्हणजे वायू कमी होत असताना, बाराही संवेदक वर जाऊ लागले. बाहेरची दमट हवा थंड थरावर येताच त्यावर दव धरत होते. भिंगातून पाहिले तर कंगव्याच्या दातांमध्ये बारीक थेंब चमकत होते. दोन थरांची वजाबाकीही तिथे चालली नाही, कारण थेंब दोन्ही थरांवर सारखे पडत नाहीत. शेवटी पट्टीमागे तापक लावून थर भोवतालपेक्षा 10 अंश गरम ठेवला आणि वर पाणी अडवणारी, वायू जाऊ देणारी टेफ्लॉनची सच्छिद्र पापुद्री बसवली, तेव्हा ते थांबले. बारापैकी सात थर मात्र तोपर्यंत कायमचे बिघडले होते.

याच अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. वर्गखोलीतले 420 आणि 1000 यांतला फरक ओळखण्यासाठी अवरक्त संचाशी स्पर्धा करू नका. तिथे तो जिंकतो. अमाईन-कार्बन संकराची जागा 5000 ते 50,000 पीपीएम या पट्ट्यात आहे, जिथे प्रतिसाद मोठा असतो, 10 टक्के चूक चालते, आणि एकाच जागी दहा-वीस संवेदक हवे असतात: पिकवणीच्या खोल्या, कांद्याच्या आणि धान्याच्या वखारी, नाशिककडच्या द्राक्षमद्याच्या कोठ्या. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून एका ठिकाणचे एक महागडे वाचन पुरत नाही. वेगवेगळ्या उंचीवर अनेक स्वस्त वाचने लागतात.

हे लिहिताना सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीखालचे खोल खड्डे, माझ्या डोळ्यांसमोर येतात. पेव असो, जुनी विहीर असो, उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर. साठवलेल्या मालाच्या श्वसनाने ऑक्सिजन 21 वरून 16 वर आला असेल तर तोवर कार्बन डायऑक्साइड 5 टक्क्यांच्या घरात गेलेला असतो, आणि 4 टक्के म्हणजे 40,000 पीपीएम ही पातळीच जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. आठ तासांच्या कामासाठीची सर्वसाधारण मर्यादा तर 5000 आहे. म्हणजे कंदील जळत असतानाही माणूस भोवळ येऊन पडू शकतो. दोरीला बांधून खाली सोडता येईल, तीन उंचींवर तीन थर असतील आणि 5000 ओलांडताच लाल दिवा लागेल अशा साधनाची गरज खरी आहे. विद्यार्थ्याने केलेला संवेदक माणसाच्या जिवाची हमी म्हणून मात्र वापरू नये. प्रमाणित ऑक्सिजनमापक आणि कार्बन डायऑक्साइडमापक सोबत असलेच पाहिजेत, आणि तुमचे साधन त्यांच्या शेजारी राहून, त्यांच्याशी ताडून पाहतच मोठे झाले पाहिजे.

तेव्हा तुमच्या प्रबंधासाठी पुढचे काम असे धरा. कोरडी फुंकर आणि कोरा प्रयोग या पहिल्या आठवड्यात. प्रतिसाद टिकला तर अमाईन बंद केलेला जोडीचा थर आणि एकाच तुकडीतले निदान वीस नमुने. प्रबंधात सर्वांत चांगल्या नमुन्याचा आलेख न देता वीसही नमुन्यांचा सरासरी प्रतिसाद आणि त्यांच्यातला फरक द्या. शोधमर्यादा, म्हणजे संवेदकाला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, काढताना, जिथे प्रत्यक्ष वायू सोडलेला नाही तिथला आकडा उतार लांबवून लिहू नका. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड अमाईनला घट्ट चिकटतात, म्हणून रस्त्यालगतच्या खोलीत ठेवलेले दोन थर आणि आतल्या खोलीतले दोन थर महिन्याभराने ताडून पाहा. त्यानंतर पाच थर एका अवरक्त संचाशेजारी, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत, खिडकीजवळ ठेवा आणि दर पाच मिनिटांनी रोध, तापमान, आर्द्रता आणि दाब यांची नोंद होऊ द्या. पावसाळा संपेल तेव्हा त्या नोंदवहीत तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हाताचे असेल. त्या नोंदी घेऊन या, आपण बसून पाहू.